रोसारिओहून आलेला मॅग्नेटो

सान दामासो, मोदेना
८ मार्च १९८७

प्रिय लेआर्को,

तुला, नेलीला आणि मिर्ताला घट्ट मिठी. नाताळचे फोटो पोचले. मिर्ताची हनुवटी थेट आपल्या आईची आहे. तिचा फोटो मी स्वयंपाकघरात आरशाच्या कडेला खोचून ठेवलाय. बाबा दाढी करायला तिथेच उभे राहतात, त्यामुळे रोज बघतात. बोलत काही नाहीत, पण परवा फोटो जरा वाकडा झाला होता तो त्यांनी सरळ केला.

इकडे सगळं ठीक. धुकं अजून हटत नाही. माझं विणकामाचं यंत्र दिवसभर खडखडत असतं, कार्पीच्या व्यापाऱ्यांना उन्हाळ्याचे स्वेटर आत्ताच हवे असतात. बाबा बरे आहेत.

गाडीचं सांगते, कारण बाबांनी ते सांगण्यासाठीच मला बसवलंय. बाबांनी उमेदीची वर्षं घालवली त्या बेर्गोन्झांच्या कारखान्यातली ती उघडी लाल गाडी, जिचा सांगाडा बाबांनी कोंबड्यांच्या खुराड्यातून ओढून आणला होता, ती आता चाकांवर उभी आहे. पत्रा झाला, रंग झाला. राहिलं होतं इंजिन. दुसऱ्या एखाद्या बेर्गोन्झाचं मिळत होतं, पण बाबांना तेच हवं होतं, ज्यावर त्यांनी स्वतः छप्पन्न साली हातोडीने नंबर ठोकला होता. गाडीच्या सांगाड्यावर जो नंबर, तोच इंजिनावर. लोक म्हणायचे, दाल्माझिओ म्हातारपणी हट्टाला पेटलाय. आणि ते सापडलं. वर डोंगरात फ्रास्सिनोरोजवळ फेर्मो नावाच्या माणसाची लाकूड कापायची गिरणी आहे, तिथे ते तीस वर्षं करवत फिरवत होतं. शर्यतीचं इंजिन, त्याच्यावर भुश्शाचा जाड थर. बाबांनी बोटाने भुस्सा खरवडला, खालचा नंबर वाचला आणि जवळच्या ओंडक्यावर बसले. फेर्मोने त्यांना घरची कडक दारू दिली, ग्राप्पा. माणूस चांगला आहे. बदल्यात दुसरं इंजिन बसवून द्या एवढंच म्हणाला.

येताना व्हॅन मी चालवली.

आता एकच वस्तू नाही. मॅग्नेटो. तुला आठवत असेल, इंजिनाबरोबर फिरून ठिणगी पाडतो तो, बॅटरी लागत नाही. फेर्मोने तो काढून कुठल्याशा ट्रकचा जुगाड बसवला होता. बोलोन्यात एक जण हुबेहूब नवा करून देतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "खोटा दात बसवून मी हसत नाही." बेर्गोन्झांच्या मॅग्नेटोची बैठक वेगळी होती आणि तो उलटा फिरायचा, दुसरा कुठलाच बसत नाही. सत्तावन्न साली दोन गाड्या तुमच्या अर्जेंटिनात विकल्या होत्या, रोसारिओच्याच कोणाला तरी. बाबा म्हणाले, "त्याला लिही. शोधेल का विचार."

लेआर्को, आईच्या दफनाच्या दिवशी तुमचं दोघांचं जे भांडण झालं, त्यानंतर त्यांनी तुझ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. म्हणून लिहितेय. पण घाई अजिबात नाही. सप्टेंबरात पाव्हुल्लोच्या घाटात जुन्या गाड्यांची चढणीची शर्यत आहे, बाबा तिथे जायचं म्हणतात, पण ते पुढच्या वर्षीही होईल. तीस वर्षं झाली, मॅग्नेटो कोणी भंगारात टाकला असेल. नाही मिळाला तर वाईट वाटून घेऊ नकोस. कामधंदा सोडून फार शोधतही बसू नकोस.

फोन केलास तर बाबांना तब्येतीचं विचारू नकोस, त्यांना आवडत नाही.

तुझी,
ओम्ब्रेत्ता


सान दामासो
१४ जून १९८७

प्रिय लेआर्को,

तुझं बाबांना आलेलं पत्र मीच वाचून दाखवलं. चष्मा सापडत नाही म्हणाले, चष्मा त्यांच्या खिशात होता. वाचून झाल्यावर "परत वाच" म्हणाले. रोसारिओच्या त्या विधवाबाईच्या गोठ्यात, पाण्याच्या पंपावर बसवलेला मॅग्नेटो, आणि तू तो चिखलात गुडघे टेकून सोडवलास, हा भाग मी तीनदा वाचला. मग ते उठून बाहेर गेले आणि शेजारच्या प्रत्येकाला सांगत सुटले, माझ्या मुलाने शोधला. माझ्या मुलाने, असं म्हणाले. एवढ्या वर्षांत मी हे ऐकलं नव्हतं.

म्हणून पुढचं लिहायला माझा हात जड झालाय. लेआर्को, तो मॅग्नेटो पाठवू नकोस.

मार्चमध्ये मी लिहिलं की येताना व्हॅन मी चालवली. निम्मी वाट बाबांनी चालवली होती. घाट उतरत होतो, मागे इंजिन साखळीने बांधलेलं, बाबा खुशीत. फेर्मोची ग्राप्पा त्यांनी ओठाला लावून ठेवली होती, प्यायले नव्हते, तेव्हा तो दोष देऊ नकोस. एका वळणाच्या आधी ते बोलता बोलता थांबले. मला वाटलं रस्त्याकडे लक्ष देतायत. डोळे उघडे होते, हात चाकावर होते, पाय पेडलवर होता. माणूस मात्र तिथे नव्हता. वळण आलं आणि चाक फिरलंच नाही. मी त्यांच्या अंगावर पडून चाक ओढलं. व्हॅन डोंगराच्या बाजूला घासत गेली आणि वाळल्या गवताच्या गंजीत शिरून बंद पडली. दुसऱ्या बाजूला कठडा नव्हता. खाली एका घराचं छप्पर दिसत होतं, आणि दोरीवर लहान मुलांचे कपडे.

थोड्या वेळाने बाबा भानावर आले आणि रागावले, म्हणाले, "माझ्या चाकाला हात का लावलास?" त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा पांढरे पडले. मग म्हणाले, थकलो होतो. मग म्हणाले, डॉक्टरकडे जायचं नाही, ते लायसन्स काढून घेतात. आणि लेआर्कोला कळवायचं नाही. मला आईची शपथ घ्यायला लावली. ती मी आज मोडतेय.

त्यानंतर तीनदा झालंय. एकदा गाडीवर काम करताना, हातातला पाना निसटून पायावर पडला आणि ते तसेच उभे राहिले. एकदा जेवताना. तिसऱ्या वेळचं मला लिहवत नाही.

आणि ते घाटात जायचं म्हणतात. कडेला माणसं उभी असतात, लेआर्को. बायका पोरांना खांद्यावर घेऊन येतात. मी विणत बसते आणि डोळ्यांपुढे ती दोरीवरची छोटी बनियनं येतात.

तू विचारशील, मग तू काय करतेयस. सांगते. वस्तू मोजायचं काम माझं आहे, त्यांच्या डोळ्यांना व्हर्निअरचे आकडे दिसत नाहीत. तुरीनहून पिस्टन आले, अगदी बरोबर होते. मी म्हटलं, उंचीला चुकलेत. बाबांनी परत पाठवले. झडपांच्या स्प्रिंगा आल्या, त्याही बरोबर. मी म्हटलं, ही तार नंतरच्या सालातली आहे. "शाबास, तुझी नजर माझ्यासारखी आहे," म्हणाले. अस्सल वस्तूचा त्यांचा हट्ट होता ना, त्यालाच धरून मी गाडी अडवून ठेवली. जोवर एक वस्तू कमी आहे तोवर कोणी मरत नाही, असं मी रोज स्वतःला सांगते. पण पिस्टन पुन्हा आले, या वेळी बाबांनी माझ्याआधी बोलोन्याच्या माणसाकडून मोजून घेतले. इंजिन जुळलंय. फक्त मॅग्नेटोची जागा उघडी आहे. तिच्यावर बाबांनी स्वच्छ फडकं बांधून ठेवलंय.

तूच सांग की हरवला. जहाजात हरवला, चोरीला गेला, काहीही सांग. मला कळतंय मी काय मागतेय. इतक्या वर्षांनी त्यांनी तुला हाक मारली आणि मी तुला सांगतेय की रिकाम्या हाताने जा. पण मला दुसरं काही सुचत नाही. मी खूप घाबरलेय.

हे पत्र वाचून जाळून टाक.

ओम्ब्रेत्ता


सान दामासो
११ ऑक्टोबर १९८७

प्रिय लेआर्को,

तुला, नेलीला, मिर्ताला मिठी. तू तीन तारा केल्यास आणि मी एकीलाही धड उत्तर दिलं नाही. आधी हे वाच: बाबा जिवंत आहेत, शेजारच्या खोलीत आहेत, जागे आहेत. आता सगळं क्रमाने सांगते.

तुझी पेटी जुलैत आली. वर माझं नाव होतं. आत तुझी चिठ्ठी: "मला त्यांच्याशी खोटं बोलता येणार नाही, ताई, आणि तुझं न ऐकणंही जमणार नाही. म्हणून तुझ्या नावाने पाठवतोय. द्यायचा की नाही ते तू ठरव." मी तुला फार शिव्या दिल्या. मग मॅग्नेटो लोकरीच्या कपाटात, राखाडी गुंड्यांच्या मागे ठेवला. विणताना पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटायचं.

बाबा रोज फाटकापाशी जाऊन पोस्टमनची वाट बघायला लागले. आधी त्याच्याशी थट्टा करायचे, म्हणायचे, "काय रे, अर्जेंटिनाहून पोहत येतोस का?" मग थट्टा बंद झाली. मग फाटकापाशी जाणं बंद झालं. ऑगस्टात एका दुपारी टोमॅटो निवडत बसलो होतो, तेव्हा शांतपणे म्हणाले, "पाठवायचा नव्हता तर शोधायचा कशाला." मी म्हटलं, पोस्टात अडकला असेल. ते म्हणाले, "नाही. दफनाच्या दिवशी मी जे बोललो ते तो विसरला नाही. माझीच कमाई आहे."

आरशाच्या कडेचा मिर्ताचा फोटो त्यांनी काढून पालथा ठेवला होता.

बाबांनी मरू नये म्हणून मी तुला त्यांच्या मनातून मारत होते. ते मला सहन झालं नाही. मी उठले, गुंड्यांमागून पेटी आणली आणि त्यांच्या पुढ्यात, टोमॅटोंच्या शेजारी ठेवली. पेटीवरच्या शिक्क्याची तारीख त्यांनी वाचली. त्यासाठी त्यांना चष्मा लागला नाही. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "त्याने पाठवला होता. मी लपवला." का ते त्यांनी विचारलं नाही. मॅग्नेटो मांडीवर घेऊन त्याचा आस बोटाने फिरवला, उलटा, आणि तो ज्या ठिकाणी अडखळायला हवा तिथे अडखळला. बाबा रडले, लेआर्को. मीही.

मी एकच अट घातली, पहिल्यांदा चालवाल तेव्हा शेजारी मी बसणार. ते "बरं" म्हणाले.

मॅग्नेटोचं इंजिन बंद करायचं तर त्याची एक तार पत्र्याला टेकवावी लागते, मग ठिणगी मरते. चालकापुढे त्याचं बटण असतंच. बाबा जेवून पडले होते तेव्हा मी आणखी एक तार ओढली, माझ्या सीटच्या कडेपर्यंत, आणि तिथे माझ्या विणकामाच्या यंत्राचं जुनं बटण बसवलं. रंगाची, सालाची, कशाची पर्वा केली नाही. बाबांना ते कळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ पुरली. गाडीखाली आडवे होते. आतून आवाज आला, "ही तार कुठली?"

"मॅग्नेटोची."

"कारखान्यात ही नव्हती."

"नव्हती."

मला वाटलं आता पक्कड मागतील आणि कापतील. मग ते सरपटत बाहेर आले, हात पुसले, आणि म्हणाले, "तुझ्या हाताला नीट पोचते का बघून घे."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. माझ्याइतकंच कळत होतं, आणि तरी ते जाणार होते. त्या क्षणी मला जेवढी भीती वाटली तेवढी डोंगरात व्हॅनमध्येही वाटली नव्हती.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. आवाजाबद्दल मी लिहीत नाही, तुझ्या लहानपणी तू त्याच आवाजावर झोपायचास. आम्ही कालव्याच्या रस्त्याने निघालो. द्राक्षांची तोडणी चालू होती, माणसं वेलींच्या आत होती, रस्ता मोकळा. बाबांनी गिअर टाकले आणि मला दिसलं की या माणसाला मी आजवर ओळखतच नव्हते. खांदे सैल, चेहरा तरुण. म्हणाले, "बघ, तिसऱ्यात ती थोडी खाकरते, मग मोकळी होते." मी बटणावरून बोट उचललं नव्हतं. पण ते इतके सुखात होते की एका क्षणी मला वाटलं, मी उगीच घाबरले. तोच ते बोलता बोलता थांबले.

या वेळी मी वाट बघितली नाही. चेहऱ्याकडे बघायच्या आधीच बटण दाबलं. इंजिन मेलं. आणि अचानक इतकं शांत झालं की चाकांखालचे खडे ऐकू येत होते. पण गाडी चालत होती, लेआर्को. हलकी आहे ना, थांबेना. मी चाक धरलं, ब्रेकपर्यंत पाय पोचेना, आणि पुढे वळणावर एक बाई सायकलवर आली. मागे वेताच्या टोपलीत तिचा नातू, हातात द्राक्षांचा घड. मी ओरडले का, आठवत नाही. चाक ओढून गाडी कडेच्या उंचवट्यावर चढवली, खालून पत्रा फाटल्याचा आवाज आला, आणि आम्ही थांबलो. बाई जवळून गेली. तिनं हात केला, आम्ही तिला वाट दिली म्हणून आभार मानल्यासारखा. पोरगं मान वळवून लाल गाडीकडे बघत राहिलं.

बाबांनी डोळे मिटले, उघडले. बाईची पाठ त्यांना दिसली.

"आपण हिच्यासाठी थांबलो का?" त्यांनी विचारलं.

मी "हो" म्हणू शकले असते. महिनोन्महिने मी तेच करत होते. मी म्हटलं, "नाही बाबा. तुम्ही नव्हता. मी थांबवली."

ते त्या बाईकडे बघत राहिले, ती झाडांमागे दिसेनाशी होईपर्यंत. मग दार उघडून उतरले, कालव्याच्या काठाशी जाऊन ओकले, आणि परत येऊन माझ्या बाजूला उभे राहिले. मी सरकले. गाडी मी घरी आणली. घरी आल्यावर त्यांनी कोट घातला आणि म्हणाले, "चल, डॉक्टरकडे."

हृदय मध्येच थांबतं, लेआर्को. काही ठोके चुकतात, तेवढ्यात डोक्यात अंधार होतो. डॉक्टर बाई तरुण आहे, बाबांवर चांगलीच खेकसली, इतके महिने काय झोपला होतात काय म्हणून. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवणार, ते हृदयाला ठोका देत राहील. येत्या आठवड्यात बसवायचं. ती म्हणते साधं काम आहे. बाबांनी लायसन्स न मागता तिच्या टेबलावर ठेवलं. पाव्हुल्लोची चढण त्याच आठवड्यात झाली. आम्ही गेलो नाही. गाडी फाटक्या पत्र्यानिशी आत उभी आहे.

मला वाटलं होतं, एकदा डॉक्टरांना कळलं की माझी भीती जाईल. गेली नाही, तिची जागा बदलली. रात्री त्यांच्या खोलीतून श्वास ऐकू येतो का, म्हणून मी विणकामाच्या यंत्राजवळची खुर्ची भिंतीला लावून घेतलीय. आणि बाबा बदललेत. कोणावर रागवत नाहीत. काल बोलोन्याचा माणूस पत्रा बघायला आला, म्हणाला, तुकडा नवा घालू का? बाबा म्हणाले, घाल, काही हरकत नाही. खोटा दात बसवून न हसणारा हा माणूस, लेआर्को.

आज दुपारी मी हे पत्र लिहायला बसले तशी ते येऊन समोर बसले. म्हणाले, "त्याला लिहितेयस?" मी हो म्हटलं. म्हणाले, "लिही, मॅग्नेटो उत्तम आहे. अस्सल आहे. पहिल्या झटक्याला लागला."

"लिहिते. आणखी काय?"

ते टेबलाच्या लाकडावर बोट फिरवत राहिले. त्यांच्या नखांत अजून ग्रीस आहे, ऑपरेशनच्या आधी निघणार नाही, नर्स ओरडेल. मग खाली बघूनच म्हणाले, "लिही की मला भीती वाटते."

मी पेन ठेवलं. मला वाटलं ते पुढे काही बोलतील, यंत्राचं, मरणाचं, दफनाच्या दिवसाचं. ते म्हणाले, "ये म्हणून नको लिहूस. लांब आहे, त्याला पोर आहे. फक्त एवढंच लिही."

तर "ये" असं त्यांनी लिहायला सांगितलेलं नाही, हे तुला कळवते. ते मी लिहितेय. ये, लेआर्को. माझ्याच्याने एकटीने आता होत नाही.

वाट बघणारी, तुझी बहीण
ओम्ब्रेत्ता

आणि ही खालची सही त्यांनी आत्ता माझ्या हातातून पेन घेऊन केली. जरा वाकडी आली आहे.

बाबा